पावसाळ्यात अडणारं दार, उन्हाळ्यात उघडणाऱ्या फटी: रंधा मारण्याआधी काय तपासायचं

जुलै लागला की पुण्यातल्या सुतारांना एकच फोन येतो: दार अडतंय, जरा रंधा मारून द्या. रंधा मारला जातो, दार मोकळं होतं, आणि मार्चमध्ये त्याच दाराच्या कडेतून जिन्यातला उजेड घरात येतो. पुढच्या पावसाळ्यात ते पुन्हा अडतं, कारण मूळ दोष तसाच राहिलेला असतो. अडणाऱ्या दारांपैकी बऱ्याच दारांना रंधा लागतच नाही. ज्यांना लागतो, त्यांना तो जुलैत मारायचा नसतो.

आधी लक्षणं

तुमच्या घरातलं नेमकं कुठलं, ते ठरवा. एकापेक्षा जास्त जुळली तरी हरकत नाही.

- दार जून-जुलैपासून कुलपाच्या बाजूला वरपासून खालपर्यंत सारखंच घासतं आणि दिवाळीच्या सुमारास आपोआप सुटतं.
- दार फक्त वरच्या एका कोपऱ्यात किंवा फक्त खाली फरशीला घासतं, तेही वर्षभर.
- दार लागतं, पण कडी भोकासमोर येत नाही. दार उचलून किंवा दाबून धरावं लागतं.
- दार लावल्यावर वरचा कोपरा चौकटीला टेकतो, खालचा बोटभर बाहेर राहतो.
- बाथरूमच्या दाराची खालची कड फुगलेली, काळी पडलेली, पापुद्रे सुटलेली.
- जुन्या कपाटाचे खण पावसाळ्यात ओढून निघत नाहीत.
- एप्रिल-मेमध्ये पॅनलच्या कडेला बिनरंगाची फिकट रेघ दिसते, टेबलाच्या फळ्यांत फट पडते, पाटाला किंवा देव्हाऱ्याच्या फळीला टोकाकडून चीर जाते.
- दाराखाली किंवा कपाटात पिठासारखी भुकटी साचते.

लाकूड किती हलतं, आणि कुठल्या दिशेला

हे एकदा समजलं की पुढच्या निम्म्या तपासण्या डोळ्यांनीच होतात.

लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. पुण्यात एप्रिलच्या दुपारी आर्द्रता २५ टक्क्यांच्या खाली जाते, जुलै-ऑगस्टमध्ये ती दिवसच्या दिवस ८० च्या वर असते. त्यामुळे घरातल्या लाकडातला ओलावा उन्हाळ्यात साधारण ७-८ टक्के आणि भर पावसाळ्यात १४-१५ टक्क्यांपर्यंत जातो. म्हणजे सात टक्क्यांचा फरक, दरवर्षी. मुंबईत हवा बाराही महिने दमट असल्यामुळे तिथलं फर्निचर इतकं मागेपुढे होत नाही. पुण्यात कोरडा उन्हाळा आणि ओला पावसाळा दोन्ही आहेत, म्हणून इथे फुगणं आणि आकसणं दोन्ही दिसतं.

हा फरक लाकडाच्या लांबीत जवळजवळ येत नाही. सात फुटी उभी पट्टी वर्षभरात एक मिलिमीटरही वाढत नाही. सगळं हलणं रुंदीत होतं, आणि ते किती हे फळी ओंडक्यातून कशी चिरली आहे त्यावर ठरतं. फळीचं टोक बघा. वाढीच्या रेषा रुंद बाजूला समांतर, कमानीसारख्या दिसत असतील तर ती फळी जास्त हलणार. रेषा उभ्या असतील तर जवळपास निम्मी. सागाच्या १०० मिमी रुंद फळीत सात टक्क्यांच्या फरकाने कमानी रेषांना साधारण १.३ मिमी आणि उभ्या रेषांना ०.७ मिमी फरक पडतो. पाइनमध्ये तोच दीड मिमीच्या पुढे जातो, आणि साल नावाच्या झाडाचं लाकूड सागापेक्षा बरंच जास्त हलतं. चांगलं पॉलिश असेल तर हे आकडे कमी होतात, कारण ओल आत शिरेपर्यंत ऋतू पालटलेला असतो.

आता दाराचा हिशोब. चौकट-पॅनलच्या दारात डावी-उजवी उभी पट्टी प्रत्येकी ११० मिमी असते. पॅनल खाचेत सुटं असतं आणि आडव्या पट्ट्या लांबीत वाढत नाहीत. म्हणजे दाराची रुंदी वाढते ती २२० मिमी लाकडामुळेच: कमानी रेषांच्या सागात जास्तीत जास्त तीन मिमी, उभ्या रेषांत दीड. उंची वाढतच नाही. अस्सल लाकडाचं दार फरशीला घासत असेल तर ते फुगल्यामुळे नाही. तिथे रंधा मारायला सांगणाऱ्याला आधी बिजागरी दाखवा.

१. कॅलेंडर (खर्च शून्य)

अडणं कधी सुरू झालं आणि कधी थांबतं, ते दारामागे पेन्सिलीने लिहून ठेवा. पावसाबरोबर सुरू होऊन नोव्हेंबरात संपत असेल तर तो ऋतू आहे. एप्रिलमध्येही अडत असेल तर लाकडाचा ओलावा डोक्यातून काढून टाका आणि बिजागरी, चौकट, फरशी यांच्याकडे वळा. घरात नवी टाइल बसवल्यानंतर घासायला लागलं असेल तर उत्तर पायाखालीच आहे.

२. दार उचलून बघा

दार अर्धं उघडा, मुठीला धरून वर उचला. किंचितही खाली-वर झालं तर बिजागरीचे स्क्रू सैल आहेत. बहुतेक वेळा वरचीच बिजागरी सुटते, कारण दाराचं सगळं ओढणं तिच्यावर येतं. ३५ मिमी जाडीचं भरीव सागाचं मुख्य दार चाळीस किलोच्या आसपास भरतं, आणि बिल्डरने त्याला इंचभर लांबीचे स्क्रू लावलेले असतात.

नुसते आवळून उपयोग नाही, भोक मोठं झालेलं असतं. स्क्रू काढा, भोकात फेव्हिकॉल लावलेली सागाची किंवा बांबूची खुंटी ठोका, रात्रभर वाळू द्या, कड साफ कापा. मग बारीक ड्रिलने नवं भोक पाडून ५० मिमी स्क्रू घाला. आगपेटीच्या काड्या कोंबण्याची युक्ती खोलीच्या हलक्या दाराला चालते, मुख्य दाराला नाही. चौकट सालाची असेल तर भोक पाडल्याशिवाय स्क्रू फिरवू नका, त्याचं डोकं तुटतं आणि दांडा आत राहतो. पितळी स्क्रू बसवायचे असतील तर आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा फिरवून काढा. स्क्रूला थोडं मेण लावा.

दार खाली लोंबल्याने वरचा कोपरा कुलपाच्या बाजूला घासतो आणि कडीचं भोक चुकतं. तुमची दोन लक्षणं इथेच संपण्याची शक्यता मोठी आहे.

३. नेमकं कुठे घासतं

सनमायकाच्या नमुन्याचे तुकडे साधारण एक मिलिमीटर जाड असतात, हार्डवेअरच्या दुकानात मागितले की मिळतात. फट मोजायला याहून सोपं माप नाही. दार लावून चारही बाजूंनी तुकडा सरकवत न्या आणि कुठे एक जातो, कुठे दोन, कुठे एकही जात नाही, ते खुणावा. एकही जात नसेल तिथे चौकटीला खडू घासून दार लावा. दाराच्या कडेवर खडू उमटेल तिथे घासतंय.

कुलपाच्या बाजूला सरळ लांब पट्टा उमटला तर रुंदी फुगली आहे. वरच्या कोपऱ्यातच उमटला तर बिजागरी. बिजागरीच्याच बाजूला उमटत असेल आणि दार लावताना स्प्रिंगसारखं परत येत असेल तर बिजागरी खाचेत जास्त खोल बसली आहे. तिच्यामागे पुठ्ठ्याची पट्टी घाला. तिरप्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत उमटत असेल तर दाराला पीळ पडला आहे.

पीळ तपासायला दाराच्या बाहेरच्या बाजूला एका कोपऱ्यापासून तिरप्या दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत दोरा ताणा, मग उरलेल्या दोन कोपऱ्यांत दुसरा. दोरे मध्ये एकमेकांना टेकले तर ठीक. त्यांच्यात अंतर राहिलं, किंवा एक दोरा दुसऱ्याला वर ढकलत असेल, तर पीळ आहे. थोडा पीळ चौकटीची अडसरपट्टी (लावल्यावर दार जिला टेकतं ती) सरकवून झाकता येतो. बोटभर पीळ घरी निघत नाही, त्यावर वजनं ठेवून आठवडे घालवू नका.

४. दार कशाचं आहे

लोक हे विचारतच नाहीत, आणि सल्ला मात्र सगळ्या दारांना एकच देतात. खुर्चीवर चढा, मोबाईलचा टॉर्च लावा आणि दाराची वरची कड बघा. तिथे पॉलिश नसण्याचीच शक्यता जास्त, त्यामुळे लाकूड उघडं दिसतं.

वर पातळ थर आणि मध्ये छोट्या पट्ट्या दिसल्या तर ते फ्लश दार आहे. थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्यामुळे ते रुंदीत फारसं फुगत नाही. फ्लश दार पावसाळ्यात अडत असेल तर कडेतून पाणी आत गेलं आहे, नाहीतर त्याला बाक आला आहे. बाक येण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे एकाच बाजूला सनमायका: दुसरी बाजू ओल घेते, सनमायकाची बाजू घेत नाही, आणि दार धनुष्यासारखं वाकतं. उपाय एकच, दुसऱ्या बाजूलाही तितक्याच जाडीचा थर. बाथरूमचं फ्लश दार खालून फुगलं असेल तर रंधा बाजूला ठेवा. सुटलेला डिंक रंध्याने परत चिकटत नाही.

तपकिरी, रेषा नसलेला लगदा दिसला तर एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड. हे पाण्याने फुगलं की वाळल्यावर पूर्वपदावर येत नाही. कपाटाच्या तळाचं पार्टिकल बोर्ड फुगून टेलिस्कोपिक चॅनल (खण ज्यांवर सरकतात त्या पट्ट्या) अडत असतील तर चॅनल बदलण्यात पैसे घालवू नका, तळ बदला. प्लायवूड घेताना एमआर म्हणजे दमटपणा सोसणारं, पाण्यात टिकणारं नव्हे, हे लक्षात असू द्या. सिंकखाली आणि बाथरूमलगत आयएस ७१० चा मरीन प्लायच लागतो.

अस्सल लाकूड असेल तर कुठलं? रंगावर जाऊ नका, पॉलिशवाला कशालाही सागाचा रंग देतो. लपलेल्या कडेला पॉलिश पेपर मारून ताजं लाकूड उघडं करा.

साग सोनेरी-तपकिरी असतो, बोटाला किंचित मेणकट लागतो, घासल्यावर चामड्यासारखा वास येतो. टोकाला वाढीच्या वर्तुळांवर मोठ्या छिद्रांची ओळ स्पष्ट दिसते. साल जड, करडा-तपकिरी असतो, रेषा एकमेकींत गुंतलेल्या, रंधा एका दिशेने नीट चालत नाही. शिसव गडद, जांभळट छटेचा आणि जड. ऑनलाइन फर्निचरमध्ये येणारं शीशम हे त्याच कुळातलं उत्तरेकडचं वेगळं झाड, रंगाला फिकं, भावानेही कमी. पाइन पिवळट, गाठींचं, नखाने ओरखडा पडणारं. रबरवूड फिकट, एकसारखं, छोट्या तुकड्यांच्या जोडातून बनवलेल्या फळीत बहुधा हेच असतं. आंबा फिकट करडा, मधूनच काळपट पट्टे. शिवण हलकं आणि फिकं, पण हलण्याच्या बाबतीत फार शहाणं लाकूड आहे. नीलगिरीला पीळ पडतो, तिच्या दाराकडून सरळपणाची अपेक्षा ठेवू नये. ऐन मजबूत खरा, पण वाळताना तडकतो.

वजनाची चाचणी याहून भरवशाची, कारण लाकूड घनफुटावर विकलं जातं आणि वजन कोणी करत नाही. कोरडा साग घनफुटाला १८-१९ किलो भरतो, साल २४ च्या आसपास, पाइन १४. एक इंच जाड, सहा इंच रुंद, चार फूट लांब फळी म्हणजे घनफुटाचा सहावा भाग. अशी सागाची फळी तीन किलोच्या आसपास हवी. चार किलो भरली तर तो साग नाही, किंवा साग आहे पण ओला आहे. दोन्ही बाबतीत ती घ्यायची नाही.

सागातही सगळं सारखं नसतं. फिकट पांढरा भाग म्हणजे झाडाचा बाहेरचा थर. त्याला कीड लागते आणि तो कुजतो. गाभ्याचं तेलकट लाकूड टिकतं. बल्लारशा-आलापल्लीकडचा जुना साग आणि आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतल्या लागवडीतला कोवळा साग यांत मोठा फरक या पांढऱ्या भागाचाच. वाड्यांच्या जुन्या लाकडाबद्दल एक समज पक्का आहे, की ते मेलेलं असतं, हलत नाही. हलतं. कमी हलतं, आणि पीळ पडायचा तो कधीच पडून गेलेला असतो, म्हणून ते चांगलं. पण त्याचं दार करताना फट ठेवावीच लागते. शिवाय रंधा लावण्याआधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधा, नाहीतर पातं गेलं.

५. कडांना पॉलिश आहे का

दाराखाली हाताचा आरसा सरकवून खालची कड बघा, वरची आधीच बघितली आहे. दोन्ही ठिकाणी उघडं लाकूड असेल तर पुनःपुन्हा होणाऱ्या त्रासाचं बहुधा मूळ सापडलं. लाकूड उभ्या पट्ट्यांच्या टोकाकडून, म्हणजे याच कडांकडून, पृष्ठभागापेक्षा कितीतरी वेगाने ओल पितं. दर्शनी बाजूला चकचकीत पॉलिश आणि वर-खाली काहीच नाही, अशी दारं नव्या इमारतींत सर्रास असतात, कारण दार बसवल्यावर खालची कड कोणाला दिसते?

पावसाळ्यात तात्पुरतं: घासणाऱ्या जागी पांढरी मेणबत्ती घासा. खणांच्या बाजूंनाही हेच. तेल लावू नका, धूळ धरतं आणि पुढे पॉलिश चढत नाही.

कायमचं काम दिवाळीनंतर. बिजागऱ्यांच्या खिळ्या काढून दार उतरवा (दोघं लागतात). कडा दोन दिवस घरातच उभ्या वाळू द्या, उन्हात नको, चिरा पडतात. १२० नंतर २२० नंबरचा पॉलिश पेपर मारा. साग असेल तर कड थिनरच्या फडक्याने पुसून घ्या, कारण त्याच्यातलं तेल पॉलिश वाळू देत नाही. मग पीयूचे (पॉलियुरेथेन पॉलिशचे) किंवा ऑइल पेंटचे दोन हात, बाथरूमच्या दाराला तीन. अळशीचं तेल आणि मेण यांनी लाकूड सुंदर दिसतं, पण हवेतली ओल ती फारशी अडवत नाहीत.

६. ओलावा मोजा

दोन टोकदार पिनांचं मॉइश्चर मीटर हजार-दीड हजारांत मिळतं. बरीच दारं असलेल्या सोसायटीने एक घेऊन ठेवावं. दाराला खाली, मध्ये, वर आणि चौकटीला दोन्ही बाजूंनी टोचून आकडे लिहा. पावसाळ्यात १२ ते १६ येणं स्वाभाविक. सगळीकडे सारखंच असेल तर ऋतू. एकाच जागी २० च्या वर असेल तर तिथे पाणी येतंय: भिंतीतली पाइप, बाथरूमचा उंबरा, गच्चीची गळती. अशा दाराला रंधा मारणं म्हणजे गळक्या नळाखालची बादली बदलणं.

मीटर नसेल तर सुताराकडून त्याच लाकडाचा ताजा कापलेला ५० ग्रॅमचा तुकडा घ्या, ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर तोला, ओटीजीमध्ये १०३ ते १०५ अंशांवर वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवा. घटलेलं वजन भागिले कोरडं वजन, गुणिले शंभर. नवं लाकूड घेताना हा आकडा १२ च्या वर आला तर त्या लाकडाचं दार पुढच्या उन्हाळ्यात आकसणार.

७. फटी आणि चिरा

उन्हाळ्यातल्या फटीत लांबी (पुट्टी) भरू नका. पावसाळ्यात लाकूड परत रुंदावतं, लांबी बाहेर ढकलली जाते किंवा शेजारची फळी फुटते. पॅनलच्या कडेची बिनरंगाची रेघ हा दोषच नाही. पॅनल सुटं आहे आणि मोकळेपणी आकसतंय, हा पुरावा आहे. मेमध्ये त्या रेघेला रंग लावला की काम संपलं. नवं दार करताना पॅनल खाचेत घालण्याआधीच रंगवून घ्यायला सांगा.

पॅनल खाचेत डिंकाने पक्कं केलं असेल तर मात्र ते चिरतंच. टेबलाचंही तसंच. ९०० मिमी रुंद सागाचा टेबलटॉप वर्षभरात १० ते १२ मिमी मागेपुढे होऊ शकतो आणि तो खालून चारही बाजूंनी स्क्रूने आवळला की मधून फुटतो. मधला स्क्रू घट्ट ठेवून कडेच्या स्क्रूंची भोकं रुंदीच्या दिशेने लांबट करा, दोन्हीकडे पाच-सहा मिमी खेळ मिळेल इतकी. पाटाखालची आडवी पट्टी खिळ्यांनी ठोकलेली असते, तिथेही हेच होतं. पोळपाट चिरतो तो धुऊन उन्हात किंवा गॅसजवळ उभा ठेवल्यामुळे.

८. आता रंधा

इथपर्यंत सगळं ठीक निघालं आणि कुलपाच्या बाजूला सरळ पट्टा घासतच असेल, तरच.

भर पावसात फक्त मोजमाप घ्या: पट्टा कुठून कुठपर्यंत, किती घट्ट. दार बंदच होत नसेल तर अर्धा-एक मिमी काढून वेळ मारून न्या. खरं काम डिसेंबर-जानेवारीत. तेव्हा कुलपाच्या बाजूला तीन ते साडेतीन मिमी फट हवी, म्हणजे सनमायकाचे तीन तुकडे सहज सरकले पाहिजेत. पावसाळ्यात एक तुकडा सरकला तरी पुरे. फ्लश दार असेल तर दोन मिमीवर थांबा, कडेची पट्टी आधीच पातळ असते. ती संपली की आतले जोड उघडे पडतात.

कुलपाची पट्टी काढून ठेवा. पातं अगदी कमी बाहेर काढा, रेषांच्या दिशेने चालवा. कड चौकटीत आधी शिरणाऱ्या बाजूला किंचित तिरपी ठेवली तर दार कमी फटीतही मोकळं लागतं. वरची कड रंधायची वेळ आलीच तर दोन्ही टोकांकडून मध्याकडे या. सरळ बाहेर गेलात तर उभ्या पट्टीचा कोपरा फुटतो. जुन्या इमारतीतल्या जाड रंगाला कोरडा पॉलिश पेपर मारू नका, त्यात शिसं असू शकतं. ओला करून घासा आणि लहान मुलांना दूर ठेवा. रंधा मारून झाल्यावर त्याच दिवशी उघड्या कडेला पॉलिशचा पहिला हात. हा राहिला तर पुढच्या जुलैत पुन्हा इथेच याल.

खणांच्या बाबतीत बाजूची फळी उंचीत फुगते. १५० मिमी उंच सागाची फळी दोन मिमीपर्यंत वाढू शकते. वरची कड हिवाळ्यात तेवढी रंधून मेण लावा. बाजू चौकटीच्या आत घासत असतील तर आधी खणाचा तळ पुढे-मागे सरकलाय का बघा.

नवं लाकूड घेताना

भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये पावसाळ्यात घेतलेलं लाकूड त्याच आठवड्यात कापायला देऊ नका. भट्टीत वाळवलेलं आहे असं सांगितलं तरी उघड्या शेडमध्ये ठेवलेलं लाकूड महिनाभरात हवेइतकं ओलं होतं. घरी आणून इंचापेक्षा थोड्या कमी जाडीच्या पट्ट्या दीड-दीड फुटावर आडव्या ठेवून त्यांवर फळ्या रचा, दोन-तीन आठवडे खोलीत राहू द्या. ओंडक्यातून नुकतंच चिरलेलं असेल तर हे पुरत नाही, इंचभर जाडीला कित्येक महिने लागतात. उभ्या पट्ट्यांसाठी टोकाला उभ्या रेषा दिसणाऱ्या फळ्या मागून घ्या. दुकानदार कुरकुर करतो, कारण निवड केली की उरलेला ढीग खपत नाही. तरी मागा. पॅनलला कमानी रेषा चालतात, दिसायलाही छान.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

सुतार: बोटभर पीळ, चौकटच ओळंब्याबाहेर गेलेली, मुख्य दार उतरवायला दुसरं माणूस नाही.

प्लंबर किंवा वॉटरप्रूफिंगवाला: मीटर एका जागी २० च्या वर, भिंतीला ओल किंवा डाग. आधी पाणी, नंतर लाकूड.

कीडनियंत्रण: पिठासारखी भुकटी म्हणजे पांढऱ्या भागातली कीड, दाणेदार कण किंवा मातीच्या नळ्या म्हणजे वाळवी. ठोकून पोकळ आवाज येत असेल तर रंधा आणि स्क्रू दोन्ही बाजूला ठेवा. रबरवूड, आंबा आणि सागाचा पांढरा भाग यांत हे आधी दिसतं.

स्ट्रक्चरल इंजिनिअर: चौकटीच्या कोपऱ्यापासून भिंतीत तिरपी तडा गेली आहे आणि दार वर्षागणिक जास्त अडतंय. वाड्यातल्या तुळईला चीर, झोल किंवा भिंतीत शिरणारं टोक मऊ लागलं तर त्याच दिवशी. तिथे सुतारही हात लावणार नाही, लावू देऊ नका.

आणि जिन्यातल्या आगरोधक दाराला कोणीही रंधा मारायचा नाही, ते सोसायटीने बसवणाऱ्याकडूनच दुरुस्त करून घ्यायचं.

सुताराला फोन करताना "दार अडतंय" एवढंच सांगू नका. कुठल्या महिन्यात अडतं, कुठल्या कडेला, सनमायकाचे किती तुकडे कुठे जातात, दार फ्लश आहे की भरीव, वरची-खालची कड पॉलिशची आहे का, एवढं सांगितलंत तर तो रंध्याऐवजी बरोबर हत्यार घेऊन येईल, आणि कदाचित म्हणेल की डिसेंबरात येतो.